सूचना चुलीपर्यंत पोहोचली पाहिजे
उन्हाळा, महाविद्यालयाचा परिसर आणि उघड्यावरील स्वयंपाक

फेब्रुवारी-मार्चच्या दिवसांत नांदेडहून अर्धापूरकडे निघालेल्या प्रवाशाला केळीच्या हिरव्यागार बागा दिसतात आणि मधूनच एखाद्या शेतातून पांढऱ्या वाफेचा लोट वर चढताना आढळतो. हा हळद शिजविण्याचा हंगाम असतो. अलीकडे पुष्कळ ठिकाणी लोखंडी काहिलीची जागा वाफेवर चालणाऱ्या कुकरने घेतली असली, तरी उघड्या रानात मोठा जाळ करण्याची रीत तीच आहे. शेतकरी भट्टी मांडण्यापूर्वी जागा पाहतो, कडब्याची गंजी किती दूर आहे ते पाहतो, वारा कोणत्या अंगाने वाहतो याचा अंदाज घेतो आणि घरातील लेकरांना त्या बाजूला फिरकू देत नाही. हे शहाणपण त्याला कोणत्याही परिपत्रकाने शिकविलेले नाही. ते अनुभवातून आलेले आहे.

याच शेतकऱ्याचा मुलगा किंवा मुलगी महाविद्यालयात येते. एप्रिल महिन्यात वर्गाचे स्नेहभोजन ठरते आणि शंभर-दीडशे माणसांचा स्वयंपाक मैदानावर करावयाचे निश्चित होते. अशा वेळी शेतातील ते शहाणपण बहुधा फाटकाबाहेरच राहते. सावली मिळते म्हणून कापडी मांडवाखाली चूल मांडली जाते. सोयीचे पडते म्हणून गॅसचा सिलिंडर चुलीला खेटून ठेवला जातो. सूचनाफलकावर मात्र ‘उन्हाळ्यात सर्वांनी योग्य ती दक्षता घ्यावी’ असा मजकूर रीतसर सही-शिक्क्यानिशी लावलेला असतो. सूचना आपल्या जागी असते आणि चूल आपल्या जागी. दोघींची गाठ पडत नाही. ती कशी पडावी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. अर्धापूरसारख्या तालुक्याच्या गावचे महाविद्यालय डोळ्यांपुढे ठेवून हे विवेचन केले असले, तरी शाळा, वसतिगृहे आणि ग्रामपंचायती यांनाही ते तितकेच लागू पडावे.

उन्हाळ्यातील महाविद्यालय

उन्हाळ्यात महाविद्यालये ओस पडतात, अशी एक समजूत आहे. वस्तुस्थिती तशी नाही. आज नांदेड, परभणी, हिंगोली आणि लातूर हे चार जिल्हे कार्यक्षेत्रात असलेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना १७ सप्टेंबर १९९४ रोजी झाली. विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षा ऐन उन्हाच्या दिवसांत चालतात. त्यासाठी विद्यार्थी वसतिगृहांत आणि गावातील भाड्याच्या खोल्यांत राहतात. विद्यार्थ्यांची संख्या घटली की खानावळी बंद होऊ लागतात. मग तिघे-चौघे मिळून गच्चीवर किंवा खोलीमागच्या मोकळ्या जागेत तीन विटा मांडून खिचडी शिजवू लागतात.

याशिवाय हे दिवस सामुदायिक भोजनांचे असतात. निरोप समारंभ, सेवानिवृत्तीचे कार्यक्रम, डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंती, हनुमान जयंतीचा भंडारा, महाराष्ट्र दिन, शिवाय लग्नसराई. अनेक संस्थांची मैदाने व सभागृहे या काळात कार्यासाठी दिली जातात. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी देशातील ३७ विद्यापीठांत सुरू झाली आणि पुढे तिच्या सात दिवसांच्या विशेष शिबिरांत विद्यार्थ्यांनी आपला स्वयंपाक आपण करण्याची प्रथाही रुजली आहे. शिबिरे बहुधा हिवाळ्यात होतात. परंतु तीच भांडी, तीच माणसे आणि त्याच सवयी उन्हाळ्यातील कार्यक्रमांना उपयोगी पडतात. परिसरात राहणारे पहारेकरी व सेवक यांची कुटुंबेही विसरता येणार नाहीत. थोडक्यात, महाविद्यालयाचा परिसर हे एक लहानसे गावच असते आणि गावाची काळजी ज्या पद्धतीने घ्यावी लागते, त्याच पद्धतीने ती येथेही घ्यावी लागते.

हवामानाच्या इशाऱ्याचा अर्थ

उन्हाळ्यातील प्रत्येक सूचनेचा पाया म्हणजे भारतीय हवामानशास्त्र विभागाचा इशारा होय. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या या विभागाचे इशारे आज भ्रमणध्वनीवर घरोघरी पोहोचतात. त्यांचा अर्थ मात्र पुष्कळांना ठाऊक नसतो. मैदानी प्रदेशात कमाल तापमान ४० अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक असून ते त्या दिवसाच्या सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी वा अधिक वाढले, तर ती उष्णतेची लाट समजली जाते. ही वाढ ६.४ अंशांच्या वर गेली की लाट तीव्र ठरते. सरासरी काहीही असो, पारा ४५ अंशांवर पोहोचला की उष्णतेची लाट आणि ४७ अंशांवर पोहोचला की तीव्र लाट मानली जाते.

इशाऱ्याचे चार रंग आहेत. हिरवा म्हणजे विशेष इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे सज्ज राहा. लाल म्हणजे कृती करा. महाविद्यालयाने आपल्या कार्यक्रमांची सांगड या रंगांशी घातली, तर निर्णय सोपा होतो. पिवळ्या दिवशी स्वयंपाक सकाळच्या वेळेत उरकावा. नारिंगी दिवशी तो छताखालील, हवेशीर व पक्क्या स्वयंपाकघरातच करावा. लाल दिवशी सामुदायिक भोजनाचा कार्यक्रम पुढे ढकलावा. हा ठराव मार्च महिन्यातच करून ठेवलेला असला, म्हणजे आयत्या वेळी प्राचार्यांना कोणाची मर्जी सांभाळीत बसावे लागत नाही.

केवळ तापमानाच्या आकड्यावर विसंबून चालत नाही, हेही ध्यानी घेतले पाहिजे. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे उघड्या मैदानावर झालेल्या महाराष्ट्र भूषण पुरस्कार प्रदान समारंभानंतर उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशी जवळच्या केंद्रावर नोंदलेले तापमान सुमारे ३८ अंश होते. म्हणजे मराठवाड्यातील माणसाला ते फारसे वाटणारही नाही. परंतु हवेतील दमटपणा, डोक्यावरचे ऊन आणि बराच काळ एकाच जागी बसून राहणे या गोष्टी एकत्र आल्या. या घटनेनंतर उन्हाळ्यात दुपारी १२ ते ५ या वेळेत उघड्यावर कार्यक्रम घेऊ नयेत, असा निर्णय राज्य शासनाने जाहीर केला. आता चुलीसमोर उभ्या असलेल्या आचाऱ्याचा विचार करा. त्याच्या डोक्यावर ऊन, समोर जाळ आणि तोंडावर वाफ असते. प्रेक्षकाला जे ऊन सोसत नाही, त्याच्या दुप्पट उष्णता तो सोसत असतो आणि त्याच्याकडे कोणाचेच लक्ष नसते.

इशारा वेळेवर दिला आणि तो योग्य माणसापर्यंत पोहोचविला, तर काय साधते याचे उदाहरण अहमदाबादने घालून दिले आहे. मे २०१० मधील उष्णतेच्या लाटेत त्या शहरात नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक मृत्यू झाल्याचे अभ्यासकांना आढळले. त्यानंतर २०१३ मध्ये तेथील महापालिकेने उष्णता कृती आराखडा अमलात आणला. इशारा आला की कोणी कोणाला कळवायचे, रुग्णालयांनी काय तयारी ठेवायची, पाण्याची सोय कोठे करायची, हे त्यात आधीच लिहून ठेवलेले होते. महाविद्यालयासाठी असा आराखडा एका पानाचा असला तरी पुरेसा आहे.

जागा, वारा आणि सरपण

उघड्यावरील स्वयंपाकात निम्मी सुरक्षितता जागेच्या निवडीत असते. चूल किंवा भट्टी इमारत, वाहनतळ, वाळलेले गवत, पालापाचोळा आणि विजेच्या तारा यांच्यापासून किमान पंचवीस-तीस पावले दूर असावी. जागा झाडून, भोवतालची माती उघडी करून पाण्याने शिंपून घ्यावी. मराठवाड्यात उन्हाळ्याच्या दुपारी अचानक वावटळ उठते आणि ती ठिणगी कोठे नेऊन टाकील याचा नेम नसतो. म्हणून चुलीच्या वाऱ्याकडील बाजूला पत्रा किंवा विटांचा आडोसा करावा. लोकांना बसण्याची जागा चुलीच्या खालच्या वाऱ्याला कधीही असू नये.

सावलीची गरज खरी आहे. ती कशाने करावयाची, हा प्रश्न आहे. हिरवी जाळी प्लास्टिकच्या धाग्यांची असते. मांडवाचे चकचकीत कापडही बहुधा कृत्रिम धाग्यांचे असते. हे पदार्थ पेटतात, वितळतात आणि पेटलेले थेंब खाली गळतात. तट्ट्या, पाचट किंवा गवताचे छप्परही तितकेच घातक. १६ जुलै २००४ रोजी तामिळनाडूतील कुंभकोणम येथील एका शाळेत स्वयंपाकघरातील आग गवती छपराला लागली आणि ९४ बालकांचा होरपळून अंत झाला. शाळेत अन्न शिजविणाऱ्या प्रत्येक गावाने ही घटना स्मरणात ठेवावी. पत्र्याची उंच, चहूबाजूंनी मोकळी शेड हाच सावलीचा निर्धोक मार्ग होय.

सरपणाच्या बाबतीत आपल्याकडे पऱ्हाट्या आणि तुराट्या सर्रास वापरल्या जातात. त्या भराभर पेटतात आणि ठिणग्याही उडवितात. त्यामुळे चुलीत एका वेळी थोडेच सरपण सारावे आणि उरलेला ढीग दूर ठेवावा. ओले लाकूड पेटावे म्हणून त्यावर रॉकेल, डिझेल किंवा पेट्रोल ओतण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते आणि काडी ओढणाऱ्याच्या पायापर्यंत आग आणते. स्वयंपाक संपल्यावर निखाऱ्यांवर पाणी टाकून, ते हलवून, पुन्हा पाणी टाकावे. राखेखाली दडलेला निखारा रात्रीच्या वाऱ्याने पुन्हा फुलतो.

मे महिन्यात वळिवाचे ढग जमू लागले की आणखी एक धोका उभा राहतो, तो विजेचा. चूल झाडाखाली मांडलेली असेल आणि गडगडाट सुरू झाला, तर स्वयंपाक तसाच सोडून पक्क्या इमारतीत जावे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे उपयोजन भ्रमणध्वनीवर विजेची पूर्वसूचना देते. परिसरातील निदान दोन जबाबदार व्यक्तींकडे ते असावे.

गॅसचा स्वभाव

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो गळाला तर वर न जाता जमिनीलगत पसरतो आणि खड्डा, गटार किंवा तळघर अशा सखल जागी साठून राहतो. म्हणून उघड्या मैदानावर गळतीचा धोका नाही, हे मानणे चुकीचे आहे. सिलिंडर नेहमी उभा, सपाट जमिनीवर, सावलीत आणि जाळापासून दूर ठेवावा. गॅस संपत आला की सिलिंडर आडवा करणे किंवा गरम पाण्यात ठेवणे, हे प्रकार आचारी मंडळींत रूढ आहेत. ते जिवावर बेतू शकतात. रबरी नळी भेगाळलेली असेल तर ती चिंध्यांनी न बांधता बदलावी. सामुदायिक कार्यासाठी १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर वापरणे नियमाला धरून नाही. त्यासाठी १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्यावा.

गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती ओळखू यावी म्हणून त्यात उग्र वासाचे द्रव्य मिसळलेले असते. हा वास येताच रेग्युलेटर बंद करावा, जवळचा प्रत्येक जाळ विझवावा, विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नये आणि लोकांना दूर न्यावे. गळती शोधण्यासाठी साबणाचा फेस लावावा. काडी ओढून पाहण्याचे धाडस कोणीही करू नये. गॅसगळतीसाठी १९०६ हा मदत क्रमांक देशभर उपलब्ध आहे.

एका सूचनेची गोष्ट

माहिती खात्यातील नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका महाविद्यालयाने माझ्याकडून उन्हाळी सूचनांचा मसुदा लिहून घेतला होता. मी कला शाखेचा पदवीधर. भाषा नेटकी साधली होती, याचे मला समाधान होते. त्यात एक वाक्य असे होते: ‘चुलीजवळ पाण्याने भरलेल्या दोन बादल्या ठेवाव्यात व आग लागल्यास तत्काळ पाण्याचा मारा करावा.’

स्नेहभोजनाच्या दिवशी मीही निमंत्रित होतो. पुऱ्या तळणे चालू असताना कढईतील तेलातून प्रथम धूर निघू लागला आणि पाहता पाहता तेलाने पेट घेतला. शेजारी उभ्या असलेल्या विद्यार्थ्याने माझी सूचना वाचली होती. त्याने बादली उचलली. तेवढ्यात स्वयंपाक करणाऱ्या मावशी ओरडल्या, “पाणी नको टाकू, लेकरा!” त्यांनी एका हाताने त्याला मागे लोटले, दुसऱ्या हाताने गॅस बंद केला आणि जवळची मोठी परात बाजूने सरकवीत कढईवर झाकली. आग गुदमरून विझली. सारा प्रकार अर्ध्या मिनिटात आटोपला.

मावशींना अक्षरओळख नव्हती. त्यांनी माझी सूचना वाचलेली नव्हती आणि ती वाचली नव्हती म्हणूनच त्या दिवशी कोणी भाजले नाही, असे मला कबूल करावे लागते. उकळत्या तेलात पाणी पडले की ते जड असल्यामुळे तळाशी जाते, तेथे क्षणार्धात त्याची वाफ होते आणि ही वाफ पाण्याच्या सुमारे १,७०० पट जागा व्यापते. पेटलेले तेल कारंज्यासारखे चहूकडे उडते. लाकडाच्या आगीला पाणी योग्य, तेलाच्या आगीला ते घातक. विजेच्या आगीलाही पाणी चालत नाही, प्रथम मुख्य कळ बंद करावी लागते. माझ्या वाक्यात भाषेची चूक नव्हती. ते लिहिण्यापूर्वी मी चुलीजवळच्या माणसाला विचारले नव्हते, ही चूक होती.

तेव्हापासून अशी सूचना लिहिताना मी हे तीन नियम पाळतो. कढईच्या मापाचे झाकण किंवा परात हाताशी असल्याशिवाय तळण सुरू करू नये. तेलातून धूर दिसताच आच बंद करावी. पेटलेली कढई उचलून दुसरीकडे नेण्याचा प्रयत्न कधीही करू नये.

अन्न आणि पाणी

आगीची भीती सर्वांना वाटते. अन्नाची तितकी वाटत नाही. परंतु एकाच वेळी शेकडो लोकांना आजारी पाडण्याची शक्ती अन्नात असते. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी आपल्याच जिल्ह्यात, लोहा तालुक्यातील कोष्टवाडी येथे, एकादशीच्या धार्मिक कार्यक्रमातील महाप्रसादानंतर आसपासच्या गावांतील दोन हजारांहून अधिक लोकांना उलट्या-जुलाबांचा त्रास झाला. लोह्याच्या उपजिल्हा रुग्णालयापासून नांदेडच्या शासकीय रुग्णालयापर्यंत खाटा भरून गेल्या. तो तर हिवाळ्याचा शेवट होता. एप्रिल-मेमध्ये अन्न त्याहून लवकर बिघडते.

याचे गणित सोपे आहे. शिजलेले अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात राहिले की त्यात जंतू वेगाने वाढतात. अनुकूल स्थितीत काही जंतूंची संख्या दर वीस मिनिटांनी दुप्पट होते. एका जंतूचे एका तासात आठ होतात आणि पाच तासांत बत्तीस हजारांहून अधिक. सकाळी आठला शिजवून झाकून ठेवलेला भात दुपारी एकला वाढला, तर ताटात काय पडते हे यावरून समजावे. काही जंतूंनी निर्माण केलेले विष अन्न पुन्हा उकळल्यानेही नष्ट होत नाही. म्हणून ‘गरम केले की चालते’ हा समज सोडून द्यावा. उन्हाळ्यात उघड्यावर शिजविलेले अन्न एका तासाच्या आत पंगतीत वाढले जावे, हा दंडक पाळावा. भोजन उशिरा होणार असेल, तर स्वयंपाकही उशिरा सुरू करावा. पाहुण्यांची वाट पाहणाऱ्या पातेल्याखाली आच चालू असावी.

पिण्याचे पाणी आणि मठ्ठ्यासाठी वापरलेले पाणी निर्जंतुक केलेलेच असावे. बर्फ वापरावयाचा झाल्यास तो पिण्याच्या पाण्यापासून केलेला आहे, याची खात्री करावी. भगर जुनी, ओलसर किंवा बुरशी लागलेली नसावी. ज्याला जुलाब किंवा हातावर पिकलेली जखम आहे, त्याने त्या दिवशी स्वयंपाक करू नये आणि वाढूही नये. यात त्या व्यक्तीचा अपमान नाही, हे तिला समजावून सांगावे आणि तिची त्या दिवसाची मजुरी बुडू देऊ नये. मजुरी बुडण्याच्या भीतीनेच पुष्कळजण आजार लपवितात.

पहिली वीस मिनिटे

कोणी भाजल्यास तो भाग ताबडतोब वाहत्या थंड पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. अंगठी, बांगड्या, घड्याळ सूज येण्यापूर्वी काढावे. टूथपेस्ट, शाई, हळद किंवा बर्फ लावू नये, फोड फोडू नयेत. स्वच्छ कापडाने सैल झाकून रुग्णाला दवाखान्यात न्यावे. कपड्यांनी पेट घेतल्यास धावू नये. जमिनीवर झोपून लोळावे किंवा इतरांनी जाड सुती चादर अथवा घोंगडी गुंडाळावी. स्वयंपाक करणाऱ्यांनी सुती कपडे घालावेत, पदर व ओढणी खोचलेली असावी.

ऊन लागल्याची पहिली लक्षणे म्हणजे थकवा, डोकेदुखी, मळमळ आणि पायात गोळे. अशा व्यक्तीस सावलीत नेऊन मीठ-साखरेचे पाणी द्यावे. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे त्याचे प्रमाण. चमचा चहाचा घ्यावा. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनोबीस यांनी पटकीच्या साथीत अशाच साध्या द्रावणाने असंख्य प्राण वाचविले. मात्र रुग्ण असंबद्ध बोलू लागला, त्याची शुद्ध हरपू लागली किंवा शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर गेले, तर तो उष्माघात होय. अशा वेळी तोंडात काही घालू नये. अंगावर पाणी ओतून वारा घालावा, काखा, मान व जांघेत ओल्या पट्ट्या ठेवाव्यात आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. वाट पाहत असताना अंग गार करणे थांबवू नये.

सूचना कशी असावी

आता मूळ मुद्द्याकडे वळू. ‘योग्य ती दक्षता’ या शब्दांत कोणतीही दक्षता नसते. सूचनेत पाच गोष्टी स्पष्ट असाव्यात: कोणी, केव्हा, कोठे, काय करावे आणि काय करू नये. नमुन्यादाखल पुढील मजकूर पाहावा.

‘उद्या मंगळवारी पिवळा इशारा आहे. स्नेहभोजनाचा स्वयंपाक सकाळी ६ ला सुरू होऊन १० ला संपेल. पंगत साडेदहाला बसेल. चूल फक्त मैदानाच्या पूर्वेकडील पत्र्याच्या शेडमध्ये पेटेल. कढईजवळ झाकण आणि चुलीजवळ पाणी व वाळू राहील. तेल पेटल्यास गॅस बंद करा, झाकण घाला, पाणी टाकू नका. आचाऱ्यांना दर अर्ध्या तासाने पाणी व विश्रांती मिळेल. उरलेले अन्न कोणीही खोलीवर नेऊ नये. चूल विझेपर्यंत नेमलेले प्राध्यापक तेथे हजर राहतील. मदतीसाठी: अग्निशमन १०१, रुग्णवाहिका १०८, तातडीची मदत ११२.’

हा मजकूर लिहून झाला म्हणजे काम संपत नाही. आधी तो स्वयंपाक करणाऱ्यांना वाचून दाखवावा आणि त्यांचे म्हणणे ऐकून दुरुस्त करावा. मग तो फलकावर लावावा, भ्रमणध्वनीवर पाठवावा आणि वर्गात मोठ्याने वाचावा. जुन्या काळी दवंडी पिटणारा चौकाचौकात थांबत असे, कारण ऐकणारे एका जागी नसत. महाविद्यालयातही विद्यार्थी एकीकडे, आचारी दुसरीकडे, पहारेकरी तिसरीकडे असतो. प्रत्येकाच्या चौकात सूचना गेली पाहिजे. शेवटी चूल पेटविण्यापूर्वी पाच मिनिटे सर्वांना भोवती उभे करून झाकण कोठे आहे, सिलिंडर कोठे आहे, दवाखान्यात नेण्यासाठी वाहन कोणाचे आहे, हे बोटाने दाखवावे. या पाच मिनिटांची बरोबरी दहा परिपत्रके करू शकणार नाहीत.

जबाबदारीची वाटणी

प्राचार्यांनी व कार्यक्रमाधिकाऱ्यांनी मार्चमध्येच एक पानी आराखडा करावा आणि उन्हाळी परीक्षांच्या काळात खानावळ बंद पडणार असेल तर पर्यायी सोय पाहावी. विद्यार्थी गच्चीवर विटांची चूल हौसेने मांडीत नाहीत, हे समजून घेतल्यास निम्मा प्रश्न सुटतो. शिक्षकांनी तेलाची आग, जंतूंची वाढ आणि वाफेचे आकारमान हे विषय पाठ्यक्रमातील उदाहरणे म्हणून शिकवावेत. ग्रामपंचायत व नगरपंचायत सदस्यांनी लग्नाचे मांडव, भंडारे आणि शाळांची स्वयंपाकगृहे यांकडे याच दृष्टीने पाहावे आणि उन्हाळ्यापूर्वीच्या ग्रामसभेत गावच्या आचाऱ्यांना व स्वयंपाक करणाऱ्या महिलांना बोलते करावे. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडून आलेला इशारा त्याच दिवशी शेवटच्या चुलीपर्यंत जाईल, अशी साखळी अधिकाऱ्यांनी बांधून द्यावी.

हळदीची भट्टी पेटविणाऱ्या अर्धापूरच्या शेतकऱ्याजवळ आणि परात झाकणाऱ्या त्या मावशींजवळ या विषयाचे पुष्कळसे ज्ञान आधीपासूनच आहे. सूचना लिहिणाऱ्याने ते विचारून घ्यावे, त्याला शास्त्राची जोड द्यावी आणि ज्यांना त्याची गरज आहे त्यांच्या हाती वेळेवर द्यावे. येत्या उन्हाळ्यात आपल्या सहीने निघणारी प्रत्येक सूचना पाठविण्यापूर्वी एकदा चुलीजवळच्या माणसाला वाचून दाखविली जाईल, एवढी अपेक्षा प्रत्येक वाचकाकडून करणे अवाजवी ठरू नये.